मुंबईतल्या ऑफिसांच्या साहेब-मॅडमना खुलं पत्र : सकाळचा एक तास सैल करा

नमस्कार,

मी डोंबिवलीला राहते आणि फोर्टात एका प्रायव्हेट कंपनीत अकाउंट्सला आहे, एकोणीस वर्षं झाली. हे पत्र फक्त माझ्या साहेबांना नाहीये. फोर्ट, बीकेसी, लोअर परळ, अंधेरी, जिथे जिथे सकाळी साडेनऊचा टाइम आहे आणि दारात थंबचं मशीन लावलंय त्या सगळ्या ऑफिसांच्या मालकांना, मॅनेजरांना आणि एचआरच्या लोकांना आहे. दहा मिनिटं लागतील वाचायला, पण प्लीज शेवटपर्यंत वाचा.

मागच्या महिन्यात आमच्याकडे स्ट्रेस मॅनेजमेंटचं सेशन झालं, सुट्टीच्या शनिवारी. शिकवायला आलेल्या मॅडम चांगल्या होत्या, मनापासून शिकवत होत्या. चार मोजत श्वास आत घ्यायचा, सहा मोजत सोडायचा. मी तेव्हापासून रोज करते आणि खरंच फरक पडतो, श्वास सोडायला जास्त वेळ लावला की छातीतली धडधड हळूहळू खाली येते, ते काही खोटं नाही. पण मग त्यांनी सगळ्यांना चिठ्ठ्या दिल्या आणि सांगितलं की तुम्हाला रोज सगळ्यात जास्त ताण कशाचा येतो ते एका शब्दात लिहा, नाव घालू नका. चिठ्ठ्या गोळा करायचं काम माझ्याकडे होतं म्हणून मी त्या वाचल्या. निम्म्याहून जास्त चिठ्ठ्यांवर एकच गोष्ट होती, कुणी ट्रेन लिहिलं होतं, कुणी लेट मार्क, कुणी नुसतं साडेनऊ. एकीने लिहिलं होतं, थंब. त्या चिठ्ठ्यांचं पुढे काय झालं मला माहीत नाही, सेशन संपलं, समोसा-चहा झाला आणि सगळे घरी गेलो. सोमवारी परत तेच साडेनऊ.

म्हणून हे लिहायला बसले.

तुमच्यापैकी बरेच जण गाडीने येता, ड्रायव्हर असतो किंवा घर जवळ असतं, त्यात तुमची काही चूक नाही, पण त्यामुळे आमची सकाळ तुम्हाला दिसत नाही. माझी सकाळ पावणेपाचला सुरू होते. पाणी भरायचं, तीन डबे, सासूबाईंच्या गोळ्या काढून ठेवायच्या, मुलाला दोनदा हाका मारायच्या, कुकरची शिट्टी होईपर्यंत केस विंचरायचे. सरकारनेच २०१९ मध्ये देशभर पाहणी केली होती, लोकांचा दिवस कशाकशात जातो त्याची, त्यात स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्या कामात जातात असं निघालं आणि पुरुषांची ९७. म्हणजे आम्ही ऑफिसला येतो तेव्हा एक शिफ्ट करूनच आलेलो असतो. मग रिक्षाची लाइन, मग जिना, आणि जिन्यावरूनच मान वर करून इंडिकेटर बघायचा. गाडी टाइमवर आहे की पाच मिनिटं मागे, यावर माझा अख्खा दिवस ठरतो. पाच मिनिटं मागे असली की त्या गाडीला दोन गाड्यांची माणसं चढणार, मग मला चढता येईल की नाही, नाही आलं तर पुढची, पुढची म्हणजे ठाण्यापुढे रखडणार, म्हणजे सीएसएमटीला नऊ पंचवीस, म्हणजे गेला आजचा दिवस. हे सगळं गणित मी प्लॅटफॉर्मवर उभी असताना डोक्यात चालू असतं आणि तळहाताला घाम सुटलेला असतो. अजून गाडी आलेली पण नसते.

डोंबिवली ते सीएसएमटी जवळजवळ ४८ किलोमीटर. बसायला मिळावं म्हणून काहीजणी उलट्या कल्याणला जाऊन त्याच गाडीने परत येतात, त्यात वीस-पंचवीस मिनिटं जास्त जातात पण निदान टेकायला मिळतं. मला ते जमत नाही, सकाळची वीस मिनिटं माझ्याकडे नाहीत. दिवा, मुंब्र्याला तर बाहेरच्यांना आत येता येत नाही आणि आतल्यांना हलता येत नाही.

आता एक प्रसंग सांगते, गेल्या जुलैतला. आमच्याकडे टिटवाळ्याहून एक मुलगी येते, चोवीस-पंचवीसची असेल, अकाउंट्सलाच आहे, हुशार आहे, बँक रिकन्सिलिएशन तिच्यासारखं कुणी करत नाही. त्या दिवशी पाऊस होता, गाड्या मागे होत्या, ती सीएसएमटीहून ऑफिसपर्यंत धावत आली. मी तिच्या पुढेच होते, माझा थंब लागला, नऊ एकोणतीस. तिने अंगठा ठेवला, मशीन म्हणालं परत प्रयत्न करा. बोट ओलं होतं ना. तिने ओढणीला पुसलं, पण ओढणी पण ओलीच, परत ठेवलं, परत तेच. मग तिने बोट तोंडाजवळ नेऊन फुंकर मारून सुकवायला घेतलं, मी पर्समधला रुमाल काढून देईपर्यंत मशीनवर नऊ एकतीस झाले होते. एक मिनिट. तो तिचा महिन्यातला तिसरा लेट मार्क होता आणि तीन झाले की अर्धा दिवस कापतात. ती काही बोलली नाही, जागेवर जाऊन बसली, कॉम्प्युटर चालू केला आणि मी बघितलं तर तिचा हात माउसवर थरथरत होता. साडेदहापर्यंत तिने एक एंट्री केली नव्हती. त्याच दिवशी संध्याकाळी ती पावणेआठपर्यंत थांबली, जीएसटीचं काम होतं म्हणून, त्या सव्वा तासाची नोंद कुठल्याच मशीनने घेतली नाही.

साहेब, त्या एका मिनिटाने कंपनीचं नेमकं काय वाचलं ते मला अकाउंट्सची बाई म्हणून सुद्धा काढता येत नाही.

माझं स्वतःचं सांगायचं तर दोन वर्षांपूर्वी मला बीपीची गोळी सुरू झाली, तेव्हा वय बेचाळीस. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला झोप किती, दुसरा विचारला रोज कशाची घाई असते. त्यांनी मला जे समजावलं ते सोपं होतं. धोका दिसला की शरीर पळायची किंवा लढायची तयारी करतं, ठोके वाढतात, बीपी चढतं, रक्तात अॅड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल येतं, हे सगळं थोड्या वेळापुरतं असेल तर चांगलंच आहे. पण आम्ही पळतही नाही आणि लढतही नाही, आम्ही गर्दीत हात वर करून कडी धरून तासभर उभे असतो आणि मनात घड्याळ चालू. रोज दोनदा, आठवड्यातून पाच-सहा दिवस, वर्षानुवर्षं. शरीराला परत खाली यायला वेळच मिळत नाही. मग झोप उडते, पित्त होतं, मान धरते, घरी गेल्यावर पोरावर ओरडायला होतं आणि रात्री त्याचं वाईट वाटून परत झोप येत नाही.

आणि यात सगळ्यात त्रासदायक काय असतं माहितीये का, की काहीच आपल्या हातात नसतं. काम कितीही असू दे, मार्च एंडिंगला आम्ही रात्री नऊ-नऊपर्यंत बसतो, तेव्हा दमतो पण त्याने असं आतून पोखरल्यासारखं होत नाही, कारण ते काम आपलं असतं, कधी कुठलं करायचं ते आपण ठरवतो. गाडी कधी येणार हे मी ठरवू शकत नाही, आणि तरी तिच्या उशिराचे पैसे माझ्या पगारातून जातात. इंग्लंडमध्ये यावर फार जुना अभ्यास आहे, व्हाइटहॉल स्टडी म्हणतात, १९६७ मध्ये लंडनच्या सरकारी नोकरांवर सुरू झाला. सगळ्यांना वाटत होतं की मोठ्या साहेबांना टेन्शन जास्त म्हणून हार्ट अटॅकही त्यांनाच जास्त येत असणार. निघालं उलटं. सगळ्यात खालच्या पदावरचे, शिपाई-निरोपे वगैरे, त्यांच्यात हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण सगळ्यात वरच्यांच्या जवळपास तिप्पट होतं. मायकल मार्मट नावाच्या डॉक्टरांनी पुढे १९८५ पासून दुसरा टप्पा केला, त्यात दहा हजारांवर बायका-पुरुष होते, आणि त्यात दिसलं की कामावर ज्यांच्या हातात कमी निर्णय असतात त्यांना हृदयविकाराचा धोका जास्त असतो. हे वाचल्यावर मला एकदम आमचं थंबचं मशीनच डोळ्यापुढे आलं. आणि गंमत नाही, खरंच सांगते, थोडं बरं पण वाटलं, की चला, हे माझ्या मनाचे खेळ नाहीत.

सेशन घेऊ नका असं मी म्हणत नाही. पण नुसत्या सेशनने काय होतं तेही लोकांनी मोजलंय. ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांचा अभ्यास २०२४ मध्ये आला, ब्रिटनमधल्या २३३ संस्थांमधले ४६ हजारांवर कर्मचारी. ज्यांनी ताण कमी करायचे क्लास, मेडिटेशनचे अॅप, रिलॅक्सेशन असलं काही घेतलं होतं आणि ज्यांनी काहीच घेतलं नव्हतं, त्यांच्यात म्हणण्यासारखा फरकच दिसला नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२२ मध्ये कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यातही कामाची पद्धत सुधारा, वेळेत लवचिकता द्या, मॅनेजरांना ट्रेनिंग द्या हे सांगितलंय. मॅनेजरांना, म्हणजे तुम्हाला. हे मी रागाने लिहीत नाहीये. आम्हाला श्वास शिकवलात, आता तुमच्या हातात जे आहे ते तुम्ही करा एवढंच मागते.

आता तुमच्या हातात काय आहे? गाड्या वाढवणं नाही, ते मला कळतं. मध्य रेल्वे दिवसाला १,८०० च्या आसपास लोकल चालवते, गर्दीच्या वेळी त्या रुळांवर अजून गाडी घालायला जागा कुठाय. पण गर्दी सगळी एकाच वेळी का होते? कारण कल्याण, कर्जत, कसारा, सगळीकडून सगळ्यांना सकाळी साधारण एकाच तासात दक्षिणेकडे पोचायचं असतं आणि संध्याकाळी एकाच तासात उत्तरेकडे. हे खुद्द रेल्वेलाच कळलं, म्हणून १ नोव्हेंबर २०२३ पासून मध्य रेल्वेने सीएसएमटीच्या आपल्याच मुख्यालयातल्या स्टाफला दोन वेळा दिल्या, एक साडेनऊ ते पावणेसहा आणि दुसरी साडेअकरा ते पावणेआठ. बाकीच्या ऑफिसांनाही त्यांनी विनंती केली की तुम्हीही वेळा बदला. ज्यांच्या गाड्या आहेत त्यांनी आधी स्वतः करून दाखवलं, याच्यापुढे अजून कुणी सांगायचं?

आणि ९ जून २०२५ आठवा. सोमवार होता, सकाळी ऑफिसच्याच टायमाला मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन गाड्या शेजारून जाताना दाराला लटकलेली माणसं खाली पडली. चार जण त्या दिवशी गेले. आमच्या डब्यात त्यानंतर कितीतरी दिवस मुंब्रा आलं की बोलणं थांबायचं. लोक म्हणतात लटकतात कशाला, पुढच्या गाडीने यायचं. हो, यायचं, पण पुढच्या गाडीने आलं की लेट मार्क लागतो ना. दाराला लटकणाऱ्या प्रत्येकाचं कारण मला माहीत नाही, पण ज्यांना मी ओळखते त्यांच्यातल्या बहुतेकांच्या डोक्यात मशीनवरचे आकडे असतात.

त्यामुळे माझी मागणी एकच आहे. सकाळी साडेनऊ ही एक वेळ न ठेवता नऊ ते साडेदहा असा पट्टा ठेवा. ज्याने नऊला थंब केला तो तास भरले की निघेल, ज्याने साडेदहाला केला तो उशिरा निघेल. तास तेवढेच, पगार तेवढाच, काम तेवढंच. मशीन काढू नका हवं तर, मशीन तास मोजू दे. तीन लेट मार्कला अर्धा दिवस हा नियम मात्र काढून टाका, एवढा एकच कागद फाडलात तरी निम्मी चिठ्ठ्यांची पेटी रिकामी होईल.

तुम्ही म्हणाल मीटिंगचं काय, कस्टमर आला तर काय. अकरा ते चार सगळे जागेवर असतील, मीटिंगा तेव्हा घ्या. रिसेप्शन आणि कॅश काउंटरला पाळी लावा, एक आठवडा हा लवकर, एक आठवडा ती. राज्य सरकारने २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा केला तेव्हा ऑफिसची वेळ पावणेदहा ते सव्वासहा केली, एवढं मोठं मंत्रालय आपली वेळ हलवू शकतं तर आपलं साठ-सत्तर माणसांचं ऑफिस का नाही. आणि शिस्त बिघडेल म्हणत असाल तर त्याच वर्षी मार्चच्या शेवटी लोकल बंद झाल्या तेव्हाचं आठवा. कित्येक महिने लोकल सगळ्यांसाठी नव्हत्या. आमच्या डिपार्टमेंटने त्या वर्षीचा ताळेबंद घरातून केला, मी डायनिंग टेबलवर एका बाजूला व्हाउचरं आणि दुसऱ्या बाजूला पोराची ऑनलाइन शाळा असं करून केला, ऑडिटरने एक प्रश्न काढला नाही. तेव्हा कुठे होतं थंबचं मशीन?

पावसाळ्याचं वेगळं सांगते कारण ते सकाळचा एक तास सैल करून सुटत नाही. रेड अलर्ट आदल्या दिवशी कळलेला असतो. तरी घरून काम करायचं की यायचं हे आमच्या ग्रुपवर सकाळी साडेआठला येतं, तेव्हा मी ठाण्याच्या पुढे असते, आणि मग कुर्ला-सायनला पाणी भरलं की ना इकडची ना तिकडची. निर्णय आदल्या रात्री नऊच्या आत कळवा. चुकला अंदाज, नाही पडला पाऊस, तरी चालेल, एक दिवस घरून काम झालं.

रात्रीवरून आठवलं. रात्री साडेनऊ-दहाला ग्रुपवर येणारे मेसेज. तुम्हाला आठवतं तेव्हा टाकता, उद्या विसरेन म्हणून, उत्तर लगेच नको असतं हेही मला पटतं. पण साहेबांच्या नावाचा मेसेज दिसला की भांडी घासता घासता हात पुसून बघावंच लागतं, आणि बघितलं की तो झोपेपर्यंत डोक्यात राहतो. फ्रान्समध्ये २०१७ पासून आणि ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून कामाच्या वेळेनंतर फोन न उचलायचा हक्कच कायद्यात आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळेंनी लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं होतं, कायदा काही झालेला नाही. उलट २०२५ मध्ये आपल्या राज्याने दुकानं-आस्थापनांत दिवसाचे नऊचे दहा तास करायला मंजुरी दिली. त्यावर तुमचं-माझं मत वेगळं असेल, पण मेसेज शेड्यूल करून सकाळी दहाला जाईल असा ठेवायला कुठला कायदा लागत नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. वेळा सैल झाल्या तर माझा गाडीतला ग्रुप कदाचित फुटेल. बारा वर्षं झाली, आम्ही नऊ-दहा जणी त्याच डब्यात. मटार सोलतो, मेथी निवडतो, चौथ्या सीटवर आळीपाळीने टेकतो, नवरात्रात त्या त्या रंगाच्या साड्या, एकीचं डोहाळजेवण आम्ही घाटकोपर यायच्या आत उरकलं होतं. माझी आई गेली तेव्हा तेरा दिवसांनी मी पहिल्यांदा गाडीत चढले तर कुणी काही विचारलं नाही, विंडोतली उठली आणि मला बसवलं, ठाण्यापर्यंत एकीने हात धरून ठेवला होता. मला आजवर ताणातून जे काही बाहेर काढलंय ते जास्त करून या बायकांनी. त्यांच्यातल्या दोघी हे पत्र वाचून म्हणाल्या, आपण मग आठवड्यातून दोन दिवस ठरवून एकच गाडी पकडू, बाकीचे दिवस जिला जशी जमेल तशी. म्हणजे त्यांनी आधीच मार्ग काढला.

आणि एचआरच्या लोकांना एक वेगळी विनंती. ज्यांचं रोजच्या घाईच्या पलीकडे गेलंय, ज्यांना झोपच लागत नाही, सारखं रडू येतं, जगणं नको वाटतं, त्यांच्यासाठी सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं. हा नंबर नोटीस बोर्डावर लेट मार्कच्या लिस्टशेजारी नका लावू, वॉशरूमच्या दाराच्या आतून लावा, तिथे माणूस एकटा असतो, कुणी बघत नाही, नंबर टिपून घेता येतो. मी तिथे बायकांना रडताना ऐकलंय म्हणून सांगते.

तीन महिने करून बघा. एप्रिल नको, क्लोजिंगच्या कामात आम्हालाच काही सुचत नसतं, जूनला सुरू करा म्हणजे पावसाळाही त्यात येईल. तीन महिन्यांनी गैरहजेरी, सिक लीव्ह, कामातल्या चुका आणि किती जणांनी नोकरी सोडली, हे सगळं गेल्या वर्षीच्या त्याच तीन महिन्यांशी लावून बघा. आमच्या ऑफिसचं शीट मी स्वतः बनवून देईन, माझ्या वेळात, त्याचा ओव्हरटाइम नको. आकडे वाईट आले तर परत साडेनऊ करा, मी एक शब्द बोलणार नाही.

आपली,
डोंबिवलीहून फोर्टला येणारी एक अकाउंटंट